औषधाला दाद न देणारे जंतू : संशोधन, संज्ञा आणि बोलभाषा

आजारी माणसाने औषध घेतले, परंतु त्याचा आजार हटला नाही, ही साधी घटना सांगण्याच्या मराठीत निदान तीन तऱ्हा आहेत. 'औषध लागू पडले नाही' ही एक. 'अंगाला औषधाची सवय झाली' ही दुसरी. आणि 'रोग औषधाला दाद देत नाही' ही तिसरी. नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत तिन्ही सर्रास ऐकावयास मिळतात. देगलूर-बिलोली आणि उदगीर ह्या सीमेलगतच्या भागांत त्यांच्या जोडीला 'औषधाचा असर होईना' असेही म्हटले जाते, आणि त्यात दखनी उर्दूच्या दीर्घ शेजाराची खूण दिसते. व्यवहारात ही वाक्ये एकमेकांच्या जागी वापरली जातात. व्याकरणाच्या दृष्टीने मात्र ती एकार्थी नव्हेत. पहिल्यात औषध उणे पडले आहे, दुसऱ्यात रोग्याचे शरीर बदलले आहे, तिसऱ्यात रोग हटून बसला आहे. बिघाड नेमका कोठे झाला, ह्याबद्दल प्रत्येक वाक्याचे उत्तर वेगळे आहे.

संसर्गजन्य रोगांपुरते बोलावयाचे तर वैद्यकाने ह्या प्रश्नाचा निकाल केव्हाच लावलेला आहे. औषध जसे होते तसेच असते, रोग्याचे अंगही तेच असते. बदललेला असतो तो त्या अंगात वाढणारा जंतू. आणि नेमके त्याचेच नाव वरील तीन वाक्यांपैकी एकातही येत नाही. 'रोग दाद देत नाही' हे वाक्य सत्याच्या सर्वांत जवळचे होय, परंतु तेही रोगापाशी थांबते, जंतूपर्यंत पोचत नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने दुसऱ्या वाक्यातून निघणारी अनुमाने तपासून पाहावीत. अंगाला सवय झाली असेल, तर सवय मोडण्यासाठी औषध काही दिवस बंद ठेवणे शहाणपणाचे ठरते. सवय झालेल्या माणसाला जास्त मात्रा लागते, म्हणून अधिक 'पॉवर'ची गोळी मागणे सयुक्तिक ठरते. आणि ज्याने आयुष्यात कधी असली गोळी घेतलेली नाही, त्याच्या अंगाला सवय असणारच कशी? तो स्वतःस निर्धास्त समजतो. ही तिन्ही अनुमाने तर्कशुद्ध आहेत आणि तिन्ही घातक आहेत. मधूनच बंद ठेवलेले औषध जंतूला सावरण्यास अवधी देते. मनाने बदललेले औषध त्याला नव्या शस्त्राची ओळख करून देते. आणि जन्मात एकही गोळी न घेतलेल्या मुलाला शेजारच्या खोकणाऱ्या माणसाकडून थेट औषधरोधी क्षयच होऊ शकतो. कारण रोधाचा गुण हवेतून आलेल्या जंतूबरोबरच त्याच्या घरात आलेला असतो.

हा गैरसमज मराठवाड्यापुरता नाही, किंवा भारतापुरताही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली बारा देशांतील सुमारे दहा हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्या बारांत भारतही होता. शेकडा ७६ लोकांनी असेच सांगितले की, रोध निर्माण होतो तो रोग्याच्या शरीरात. तेव्हा दोष एखाद्या भाषेच्या माथी मारता येत नाही. मराठीच्या बाबतीत मात्र एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. हाच मराठी बोलणारा माणूस शेतात गेला की ही चूक करीत नाही.

कापसावर फवारावयाच्या द्रव्यालाही मराठीत 'औषध'च म्हणतात. नांदेड हा जुना कापूसपट्टा असून तेथील कापूस संशोधन केंद्राने काढलेला 'नांदेड ४४' हा संकरित वाण एके काळी दूरदूर पेरला जात असे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात बी.टी. कापसाची फार मोठी हानी केली; जी अळी मारण्यासाठी त्या वाणांत विषकारक जनुक घातले होते, तीच त्या विषाला पुरून उरली. त्या वेळी 'कापसाला औषधाची सवय झाली' असे कोणाही शेतकऱ्याने म्हटले नाही. 'अळी मरेनाशी झाली' असेच सर्वांनी म्हटले. पीक, अळी आणि औषध हे तिन्ही घटक डोळ्यांपुढे असल्यामुळे कर्ता निवडताना चूक झाली नाही. दवाखान्यात रोगी दिसतो, गोळी दिसते. जंतू दिसत नाही. न दिसणारा कर्ता वाक्यातून गळतो आणि त्याची जागा दिसणारे अंग घेते. ह्या विषयावरील समजूत पालटण्यास नवा शब्द शोधण्यापेक्षा शेतातील वाक्य दवाखान्यात नेणे कदाचित अधिक उपयोगी पडेल.

जंतू मरेनासा होतो म्हणजे काय होते, ते क्षयाच्या उदाहरणाने चांगले समजते. फुप्फुसात क्षयाने पोखरलेल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. जंतू दुभंगून वाढत असताना त्यांच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल करण्यात कधीमधी चूक होते, आणि एखादी चूक अशी असते की तिच्यामुळे विशिष्ट औषध त्या जंतूवर चालत नाही. आयसोनायझिडच्या बाबतीत असा जंतू सुमारे दहा लाखांत एक, तर रिफाम्पिसिनच्या बाबतीत सुमारे दहा कोटींत एक आढळतो. म्हणजे औषधाचा पहिला कण पोटात जाण्यापूर्वीच त्या पोकळीत आयसोनायझिडला न जुमानणारे शंभरएक जंतू बसलेले असतात. एकटे आयसोनायझिड दिले तर बाकीचे सारे मरतात, रोग्याला आठ-पंधरा दिवस बरे वाटते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या शंभरांची प्रजा वाढते. दोन्ही औषधे एकत्र दिली, तर दोहोंतून निसटणारा जंतू एकावर चौदा शून्ये इतक्या संख्येत एखादा सापडेल. एवढे जंतू कोणत्याही छातीत नसतात. क्षयाला एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात आणि ती सहा महिने का चालू ठेवतात, ह्याचे उत्तर ह्या गणितात आहे. येथे सवयीचा काहीही संबंध नाही. एकही जंतू काही शिकलेला नाही. जे अगोदरच वेगळे होते ते उरले, एवढेच घडले.

हे गणित वैद्यकाला फुकट मिळालेले नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले, आणि इंग्लंडमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने त्याची जी प्रसिद्ध चाचणी घेतली तिचा वृत्तांत १९४८ साली प्रकाशित झाला. औषध दिलेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत चौघे दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी चौदा. फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता. परंतु औषध एकटेच दिलेले होते. बहुसंख्य रोग्यांच्या बेडक्यातील जंतू थोड्याच काळात स्ट्रेप्टोमायसिनला जुमानेनासे झाले, आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृतांच्या संख्येत फारसे अंतर उरले नाही. म्हणजे औषधाच्या जन्माबरोबरच रोधाचाही जन्म नोंदला गेलेला आहे.

'अँटिबायॉटिक' हा शब्द सेल्मन वॅक्समन ह्यांनी ह्याच दशकात रूढ केला. एका सूक्ष्म जीवाने निर्माण केलेले आणि दुसऱ्या सूक्ष्म जीवाला मारक असे द्रव्य, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीतील 'प्रतिजैविक' हा त्याचाच घटकशः अनुवाद होय. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन हा शब्द खेडोपाडी गेला. 'प्रतिजैविक' मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर फारसे पडले नाही. ते असो. अडचण आहे ती दुसऱ्या शब्दाची. रेझिस्टन्स ह्या अर्थी 'प्रतिकार' हा शब्द योजला जातो. पण 'प्रतिकार' मराठीत आधीच 'रोगप्रतिकारशक्ती'च्या सेवेत गुंतलेला आहे. तेथे तो शरीराचा आहे आणि चांगला आहे. तो वाढावा म्हणून लोक च्यवनप्राश खातात. आता 'जंतूंचा प्रतिकार वाढला' हे वाक्य घ्यावे. षष्ठी कर्त्याची मानली तर जंतू प्रतिकार करीत आहेत. कर्माची मानली तर शरीर जंतूंना प्रतिकार करीत आहे. पहिला अर्थ संकट सांगतो, दुसरा शुभवर्तमान. एकाच वाक्यातून परस्परविरुद्ध दोन अर्थ निघावेत, आणि तेही रोग्याला समज देण्यासाठी लिहिलेल्या वाक्यातून, हे बरे नव्हे. 'औषधरोधी जंतू' ह्या समासात असा घोटाळा होत नाही. औषधाला रोधणारा तो औषधरोधी, आणि रोधणारा कोण ते शेजारीच सांगितलेले आहे.

ह्या जंतूंचे महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेले संशोधन मुंबईत झाले, आणि तेही प्रयोगशाळेत सुरू न होता एका अर्थी कागदाच्या चिठोऱ्यांवर सुरू झाले. डॉ. मुकुंद उपलेकर ह्यांनी एका सहकाऱ्यासह १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत धारावीतील शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाच्या रोग्यास काय द्याल असे विचारले होते. शंभर जणांनी ऐंशी निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्या. सुमारे वीस वर्षांनी, २०१० साली, डॉ. झरीर उदवाडिया ह्यांनी उपलेकर व आणखी एका सहकाऱ्यासह तोच प्रश्न त्याच वस्तीतील १०६ डॉक्टरांना पुन्हा विचारला. ह्या वेळी ६३ पद्धती निघाल्या, आणि योग्य औषधयोजना लिहिणारे डॉक्टर सहा निघाले. मधल्या काळात राष्ट्रीय क्षयनियंत्रण कार्यक्रम १९९७ पासून वाढत जाऊन २००६ साली सर्व देशभर पसरला होता. पण रोगी प्रथम ज्याच्या दारी जातो त्या डॉक्टरच्या लेखणीपर्यंत तो पोचला नव्हता.

उदवाडिया हे माहीम येथील हिंदुजा रुग्णालयातील छातीच्या विकारांचे तज्ज्ञ. त्याच रुग्णालयातील जंतुशास्त्रज्ञ डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज आणि अन्य दोन सहकारी ह्यांच्यासह त्यांनी २०११ च्या डिसेंबरात एका अमेरिकन नियतकालिकात एक छोटे पत्र प्रसिद्ध केले. त्यात चार रोग्यांची हकीकत होती. त्यांच्या जंतूंवर बारा औषधे तपासली होती : पहिल्या फळीतील पाच आणि दुसऱ्या फळीतील सात. एकही चालत नव्हते. पत्राचा खरा भार मात्र ह्या आकड्यात नसून त्यामागील इतिहासात आहे. चौघांपैकी तिघांनी दीड वर्षात सरासरी चार खाजगी डॉक्टर केले होते. दुसऱ्या फळीतील औषधे त्यांना देखरेखीवाचून, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत आणि एकेक करून मिळाली होती. एक औषध निकामी झाले की दुसरे जोडावयाचे, ते निकामी झाले की तिसरे. वर दिलेले गणित आठवले तर ह्या 'एकेक करून' शब्दांचा अर्थ लक्षात येईल. प्रत्येक नवे औषध जंतूपुढे एकटेच उभे केले गेले, आणि प्रत्येक वेळी त्यातून निसटलेल्यांचीच प्रजा उरली. दाक्षिण्यापोटी, घाईपोटी किंवा अज्ञानापोटी केलेल्या उपचाराने रोग्याच्या छातीत टप्प्याटप्प्याने नवा जंतू निवडून वाढविला होता.

ह्या रोगाला पत्रलेखकांनी दिलेले नाव मराठीत आणावयाचे तर 'सर्वथा औषधरोधी क्षय' असे होईल. नाव अगदी नवे नव्हते. २००९ साली इराणमधील संशोधकांनी ते वापरले होते. पण मुंबईहून ते आले तेव्हा वर्तमानपत्रांत एकच गदारोळ झाला. जानेवारी २०१२ मध्ये अशा रोग्यांची संख्या बारावर गेल्याचे प्रसिद्ध झाले, केंद्र सरकारने तज्ज्ञांचे पथक धाडले, आणि ही संज्ञा अधिकृत नाही असे जाहीर केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही ती वापरू नये असा कौल दिला. त्यांची कारणे विचारात घेण्याजोगी आहेत. दुसऱ्या फळीतील कित्येक औषधांच्या प्रयोगशाळेतील चाचण्या पुरेशा भरवशाच्या नाहीत, आणि नवी औषधे येऊ घातलेली असताना 'सर्वथा' म्हणणे धाडसाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

ह्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते. 'सर्वथा' हे विशेषण जंतूला लावलेले दिसते, पण खरे पाहता ते तत्कालीन औषधांच्या यादीचे विशेषण आहे. यादी वाढली की ते खोटे पडते. आणि तसेच झाले. बेडाक्विलिन ह्या नव्या औषधाला त्याच २०१२ सालच्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळाली. भारतात २०१६ पासून ते निवडक केंद्रांतून मिळू लागले. आणि त्याच्यासह चार औषधांची सहा महिन्यांची योजना भारत सरकारने २०२४ साली स्वीकारली. पूर्वी अशा रोग्यास दीड-दोन वर्षे औषधे घ्यावी लागत, आणि त्यात महिनोन्महिने सुया टोचून घेणेही असे. उलट पक्षी, हेही नाकारता येत नाही की हे अतिरेकी नाव उच्चारले गेले नसते तर कोणाचे लक्षही गेले नसते. ७ मे २०१२ रोजी क्षयाच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणे खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले, आणि रक्तावरून क्षयाचे चुकीचे निदान करणाऱ्या चाचण्यांवर त्याच वर्षी बंदी आली. मुंबईच्या पत्राने उठवलेल्या गदारोळापासून हे निर्णय वेगळे काढता येत नाहीत.

रोग्याच्या बाजूने पाहता मात्र ह्या नावातील धोका निराळाच आहे. आयुर्वेदाने रोगांची वाटणी साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशी फार पूर्वीच केली आहे, आणि 'असाध्य' हा शब्द मराठी मनात खोल रुजलेला आहे. ज्याला असाध्य म्हटले त्याच्या उपचारात वैद्याने हात घालू नये, असाही एक संकेत त्या परंपरेत आहे. 'एकही औषध चालत नाही' हे वाक्य घरी येता येता 'असाध्य' होते, आणि मग ताट वेगळे होते, मुलीचे लग्न लपूनछपून उरकले जाते, औषधे थांबतात. जंतूच्या एका गुणाचे वर्णन माणसाचे भवितव्य होऊन बसते. बहुऔषधरोधी क्षय अनेकांचा बरा झालेला आहे, हे वाक्य त्या नावाबरोबरच उच्चारले गेले पाहिजे. अशा संज्ञा स्थिर नसतात, हेही सांगितले पाहिजे : 'अतिव्यापक औषधरोधी' ह्या अर्थाची संज्ञा २००६ साली प्रचारात आली आणि नव्या औषधांनुसार तिची व्याख्या २०२१ साली बदलली. काल ज्याचा रोग एका नावाचा होता, त्याचा तोच रोग आज दुसऱ्या नावाचा आहे.

हिंदुजा रुग्णालयाच्याच प्रयोगशाळेतून ह्याआधी दुसरा एक शोध प्रसिद्ध झाला होता, आणि त्यातील रोध वेगळ्या जातीचा आहे. क्षयाच्या जंतूत रोध पिढीजात उतरतो, मायलेकींच्या वळणाने. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय, क्लेब्सिएला इत्यादी जंतूंत तो शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातो. प्लाझ्मिड नावाचे आनुवंशिक द्रव्याचे लहानसे कडे एक जंतू दुसऱ्यास देतो, आणि घेणारा निराळ्या जातीचा असला तरी अडत नाही. भाषेत तद्भव शब्द आणि उसने शब्द ह्यांत जो फरक आहे तोच हा. 'दवा' आणि 'असर' हे शब्द मराठीला प्राकृताच्या वारशाने मिळालेले नाहीत. ते फारसी-अरबीतून दखनीच्या शेजाराने आले आणि कूळ न विचारता रुळले. उसन्या शब्दाप्रमाणेच उसना रोधही फार वेगाने पसरतो.

ह्या उसन्या रोधांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे एन.डी.एम.-१. कार्बापेनेम हा प्रतिजैविकांचा गट अगदी शेवटी, अतिदक्षता विभागात, दुसरे काही चालेनासे झाले म्हणजे वापरावयाचा; त्या औषधाचा रेणू फोडणारा एक जस्तयुक्त विकर जंतू तयार करतो, त्याचे हे नाव. स्वीडनमध्ये राहणाऱ्या एका भारतीय वंशाच्या रोग्यात तो प्रथम सापडला. त्या रोग्यावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून २००९ साली संशोधकांनी विकराच्या नावात त्या शहराचे नाव घातले. मुंबईच्या डॉक्टरांनी २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर ह्या काळात कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासले, तेव्हा त्यांतील २२ जंतूंत हा विकर निघाला. पायल देशपांडे, रॉड्रिग्ज व सहकारी ह्यांचा हा लेख २०१० च्या मार्चमध्ये भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापला गेला. त्यावर देशात फारसे कोणी बोलले नाही. ऑगस्टमध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगविषयक मासिकात त्याच विकरावर लेख आला, आणि मग राजधानीच्या नावाची बदनामी झाली म्हणून गहजब उडाला. २०११ च्या जानेवारीत लॅन्सेटचे संपादक रिचर्ड हॉर्टन ह्यांनी नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

असली नावे ठेवण्याची चाल मात्र जुनी आहे. इटलीतील व्हेरोना, ब्राझीलमधील साओ पाउलो आणि कोरियातील सेऊल ह्या शहरांची नावे अशाच विकरांना मिळालेली आहेत, आणि टी.ई.एम. ही तीन अक्षरे तर १९६० नंतरच्या दशकात ग्रीसमधील एका रोगिणीच्या नावावरून घेतलेली आहेत. ही चाल चांगली, असा ह्याचा अर्थ नव्हे; जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली नव्या रोगांना स्थळांची व व्यक्तींची नावे देऊ नयेत असे सांगितले ते योग्यच झाले. परंतु नावावर इतकी चर्चा झाली की नावामागील वस्तूकडे पाहण्यास वेळ उरला नाही. २०११ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली : नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोहोंत आणि रस्त्यालगत साचलेल्या, पाझरलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तो जनुक सापडला. म्हणजे तो रुग्णालयाच्या भिंतींबाहेर आलेला होता. जेथे सांडपाणी व पिण्याचे पाणी ह्यांची गाठ पडते अशा कोणत्याही गावाचा हा प्रश्न आहे, आणि उन्हाळ्यात टँकरवर जगणारे मराठवाड्यातील गाव त्याला अपवाद नाही.

नांदेड-लातूरच्या बोलण्यात ह्या सर्वांचे प्रतिबिंब कसे पडते, ते पाहिले म्हणजे कामाची दिशा कळते. येथे औषधाची किंमत 'पॉवर'मध्ये होते. 'हलक्या पॉवरची दिली, म्हणून गुण आला नाही' असे बोलले जाते, आणि डॉक्टरच्या 'हातगुणा'चाही त्यात वाटा मानला जातो. सर्दी-पडशाला 'मेडिकल'वरून दोन दिवसांच्या गोळ्या आणल्या जातात, आणि उरलेल्या फडताळात ठेवून पुढच्या खेपेस घरातील दुसऱ्याच माणसाला दिल्या जातात. सर्दी विषाणूंची असते, तिच्यावर प्रतिजैविक चालतच नाही, ही गोष्ट 'पॉवर' ह्या कल्पनेत बसत नाही. कारण पॉवर कमी किंवा जास्त असते, ती कशावर चालते हा प्रश्नच त्या शब्दात नाही. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू होऊन त्यातील ४६ औषधांची, ज्यांत वरच्या दर्जाची प्रतिजैविके व क्षयाची औषधे आहेत, दुकानदाराने रोग्याच्या व डॉक्टरच्या नावासह वेगळी नोंद ठेवणे आवश्यक झाले. २०१६ पासून वेष्टनावरील लाल रेषेचा अर्थ लोकांना सांगण्याची मोहीमही निघाली. रेषा पुष्कळांनी पाहिलेली आहे. तिचा अर्थ विचारणारे त्या मानाने थोडे.

क्षयाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती भाषेची नाही. ह्या दोन्ही जिल्ह्यांतील कोरडवाहू भागांतून दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला आणि बांधकामाच्या कामाला दूर जातात. सहा महिन्यांचा उपचार मध्येच दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात पोचतो. त्याला 'औषध पूर्ण घ्या' एवढे सांगणे पुरत नाही. फडावर औषध कोण देणार हे ठरावे लागते. असल्या रोग्याला 'सवय'वाल्या वाक्याचा आधार मिळाला की औषध सुटण्यास मनातूनही संमती मिळते, म्हणून त्या वाक्याला उत्तर हवे.

मराठीत त्यासाठी एक चांगला शब्द तयार आहे : 'निर्ढावलेले'. वारंवार थोडी थोडी शिक्षा भोगून जो कोणाला भीत नाही तो निर्ढावलेला. शाळेतल्या मुलापासून गावगुंडापर्यंत सर्वांना तो लागतो, आणि त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 'निर्ढावलेले जंतू' म्हटले की कर्ता जंतू होतो, आणि अर्धवट उपचाराने तो तसा झाला हेही त्यात येऊन जाते. शास्त्रदृष्ट्या ह्या शब्दात थोडे न्यून आहे. एकच जंतू निर्ढावत नाही, निसटलेल्यांचा वंश वाढतो, हे आधी आलेच आहे. लेखनात 'औषधरोधी' ठेवावा आणि बोलण्यात 'निर्ढावलेले' चालू द्यावा, हे तारतम्य राखता येण्यासारखे आहे.

आज जिल्ह्याच्या ठिकाणी सीबीनॅट यंत्रावर बेडका तपासला की सुमारे दोन तासांत क्षयाचे जंतू आहेत किंवा नाहीत, आणि त्यांच्यावर रिफाम्पिसिन चालेल किंवा नाही, हे दोन्ही कळते. पूर्वी ह्यालाच कित्येक आठवडे लागत. यंत्रातून निघणाऱ्या कागदावर वरती रोग्याचे नाव असते, खाली जंतूचे, आणि त्याखाली रोध आढळला किंवा नाही ते इंग्रजीत लिहिलेले असते. तो कागद घेऊन बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला पुढचे वाक्य मराठीत सांगावयाचे असते. 'तुम्हाला आता औषध लागू पडत नाही' असे ते सांगता येते. 'तुमच्या बेडक्यात जे जंतू निघाले त्यांच्यावर ही गोळी चालत नाही, दुसऱ्या गोळ्या चालतात, त्या उद्यापासून सुरू करावयाच्या आहेत' असेही सांगता येते. कागद एकच असतो.